एकाच सर्व्हरवरचे कंटेनर आणि व्हीएम एकमेकांशी बोलत नाहीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच लिनक्स सर्व्हर (म्हणजे होस्ट), त्यावर काही डॉकर कंटेनर (आपापल्या कप्प्यात चालणारे प्रोग्राम), एखादा एलएक्ससी (कंटेनरचाच आणखी एक प्रकार), दोन-तीन केव्हीएम व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक), असा मिश्र संसार सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. "दोन्ही त्याच मशीनवर आहेत, मग पिंग का जात नाही?" हा प्रश्न इतक्या वेळा कानावर येतो की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. सगळ्या उत्तरांमागे माझा एकच आग्रह आहे: पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) नेमकं कुठे थांबलं हे स्वतः पाहिल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका.

मशीन एकच आहे, मग मधे नेटवर्क आलंच कुठून?

कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एकच असला तरी प्रत्येक कंटेनरला स्वतःची नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे नेटवर्कचा वेगळा कप्पा, मिळते. ही सोय लिनक्स कर्नलमध्ये २००८ च्या सुमारास आली. डॉकर २०१३ मध्ये आलं आणि त्याने तीच सोय घरोघरी पोचवली. नेमस्पेस वेगळी म्हणजे इंटरफेस वेगळे, राउटिंग टेबल वेगळं, एआरपीची (कोणता आयपी कोणत्या मॅक ॲड्रेसचा, म्हणजे कार्डाच्या ओळखक्रमांकाचा, ते सांगणारी) नोंदवही वेगळी, फायरवॉलचे नियम वेगळे. १२७.०.०.१ (लोकलहोस्ट, म्हणजे ‘मी स्वतः’) हा पत्तासुद्धा प्रत्येकाचा आपापला.

चाळ डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक कंटेनर म्हणजे एक खोली, ब्रिज म्हणजे सामाईक गॅलरी. खोलीतून गॅलरीत येणारी वायर म्हणजे व्हीईथ जोडी: तिचं एक टोक कंटेनरमध्ये ‘ईटीएच०’ या नावाने दिसतं, दुसरं होस्टवर ब्रिजला लावलेलं असतं. केव्हीएम व्हीएमचा कर्नल वेगळा असतो, पण तिचीही वायर टॅप इंटरफेसच्या रूपाने अशाच एखाद्या गॅलरीत उघडते. दोन खोल्या वेगवेगळ्या गॅलऱ्यांवर असतील, तर मधला जिना म्हणजे होस्टचं राउटिंग, आणि त्या जिन्यावर फायरवॉल उभी असते.

सुरुवात कुठून करू?

एरर मेसेज शब्दशः वाचण्यापासून. "कनेक्ट होत नाही" ही तक्रार झाली, त्यातून निदान होत नाही. चार मेसेज चार वेगळ्या जागा दाखवतात.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे समोरून कुणीतरी स्पष्ट नकार दिला. बहुतेक वेळा पॅकेट मुक्कामाला पोचलेलं असतं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नसतं. मात्र नकार देणारी फायरवॉलही असू शकते. लिबव्हर्टच्या (केव्हीएम व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) डिफॉल्ट नेटवर्कबाबत हे हमखास दिसतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आलं नाही. पॅकेट कुणीतरी गुपचूप टाकून दिलं, किंवा उत्तर निघालं पण परतीची वाट चुकलं.

‘नेटवर्क इज अनरीचेबल’ म्हणजे पॅकेट घरातून निघालंच नाही. तुमच्या राउटिंग टेबलात त्या पत्त्यासाठी ओळच नाही, बहुधा डिफॉल्ट गेटवे गायब आहे.

‘नो रूट टू होस्ट’ हा सर्वांत फसवा मेसेज. नावात रूट असलं तरी राउटिंग टेबल बऱ्याचदा ठीक असतं. हा मेसेज साधारण ३ सेकंदांनी आला, तर "हा पत्ता कुणाचा?" या एआरपी हाकेला उत्तर मिळालेलं नाही, म्हणजे बिघाड ब्रिज, वायर किंवा व्हीएलॅनच्या (एकाच वायरवर केलेली वेगवेगळी नेटवर्क) पातळीवर आहे. क्षणात आला, तर एखाद्या फायरवॉलने ‘मनाई’ असा आयसीएमपी निरोप पाठवला आहे. फायरवॉलडी ही फायरवॉल सेवा असलेल्या सिस्टिमवर हे नेहमीचं. घड्याळाकडे नुसतं लक्ष ठेवलं तरी अर्धा तास वाचतो.

सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण कोणतं?

सेवा फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असणं. पोस्टग्रेसएसक्यूएल मूळ सेटिंगमध्ये फक्त लोकलहोस्टवर ऐकतो, डेबियनवरचा मारियाडीबीही तसाच. स्वतःच्या खोलीत दार लावून बसलेल्याला शेजाऱ्याची हाक कशी ऐकू येणार? ज्या कंटेनरमध्ये सेवा आहे त्यात शिरून ‘एसएस’ कमांडने ऐकणारे टीसीपी पोर्ट पाहा. पत्त्याच्या रकान्यात ०.०.०.० किंवा कंटेनरचा स्वतःचा आयपी दिसला पाहिजे. पोस्टग्रेसमध्ये ऐकण्याचा पत्ता बदलल्यावर कोणाला आत घ्यायचं ही यादीही वेगळ्या फाइलमध्ये सुधारावी लागते, पण ती राहिली असेल तर येणारा मेसेज खुद्द पोस्टग्रेसचा असतो. तो दिसला की समजा, नेटवर्कचं काम झालं.

याचीच उलटी बाजू: अ‍ॅप्लिकेशनच्या कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ लिहिलेला असतो. लॅपटॉपवर ते चालायचं, कारण सगळं एकाच खोलीत होतं. कंटेनर वेगळे केल्यावर ते अ‍ॅप्लिकेशन स्वतःलाच हाक मारत बसतं.

पोर्ट पब्लिश केला (म्हणजे कंटेनरचा पोर्ट होस्टवर उघडला) आहे, होस्टवरून जोडणी लागते आणि लगेच तुटते. असं का?

वरच्याच कारणाचा हा दुसरा चेहरा. होस्टवर डॉकरचा प्रॉक्सी तुमची जोडणी स्वीकारतो, मग आत कंटेनरकडे जातो, तिथे त्या पत्त्यावर कुणी ऐकत नसतं, आणि तो तुमची जोडणी तोडतो. म्हणून ‘रिफ्यूज्ड’ऐवजी ‘कनेक्शन रीसेट’ दिसतं.

कंटेनरला नावाने हाक मारली तर सापडत नाही, आयपीने सापडतो.

तो डॉकरच्या मूळ ब्रिजवर आहे. ‘डॉकर०’ नावाच्या या ब्रिजला सहसा १७२.१७.०.०/१६ ही रेंज मिळते आणि त्यावर नावं ओळखण्याची सोय नाही. स्वतःचं नेटवर्क तयार करा आणि दोन्ही कंटेनर त्यात घाला, मग १२७.०.०.११ या पत्त्यावरचा डॉकरचा अंतर्गत डीएनएस नावं सांगू लागतो. आयपी कॉन्फिगमध्ये लिहून काम भागवू नका. कंटेनर पुन्हा सुरू झाला की आयपी बदलू शकतो, आणि ते कळतं नेमकं रात्रीच्या रीस्टार्टनंतर.

दोन कंपोज (एका फाइलमधून अनेक कंटेनर चालवणारं डॉकरचं टूल) प्रोजेक्ट आहेत, दोघांनाही स्वतःचं नेटवर्क आहे, तरी बोलत नाहीत.

नेटवर्क वेगवेगळी आहेत म्हणूनच. कंपोज प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं नेटवर्क देतो, आणि डॉकर दोन ब्रिजांमधली रहदारी फायरवॉलच्या नियमांनी मुद्दाम अडवतो. एक सामाईक नेटवर्क हाताने तयार करा, दोन्ही कंपोज फाइलींमध्ये ते ‘एक्स्टर्नल’ म्हणून नोंदवा, आणि ज्या सेवांना खरंच बोलायचं आहे तेवढ्याच त्यात घाला. डेटाबेस आपल्या प्रोजेक्टच्या नेटवर्कमध्येच राहू दे.

इथे पोर्टचाही घोळ होतो. तुम्ही होस्टवर ५४३३ आणि आत ५४३२ असं जोडलं असेल, तर शेजारच्या कंटेनरने ५४३२ वर जायचं. ५४३३ फक्त होस्टच्या बाहेरच्या दारावरचा आकडा आहे. कंटेनर एकमेकांशी बोलण्यासाठी पोर्ट पब्लिश करण्याची गरजच नसते.

डॉकर इन्स्टॉल केलं आणि आधीपासून नीट चाललेल्या केव्हीएम मशीन एकदम मुक्या झाल्या. हे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि माझी एक अख्खी रात्र यात गेली आहे. एका छोट्या ऑफिसच्या सर्व्हरवर तीन व्हीएम एका ब्रिजवर वर्षभर निर्धास्त चालत होत्या. संध्याकाळी एका लहानशा टूलसाठी डॉकर टाकलं. तासाभरात फोन आला की हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडत नाही. मी व्हीएमच्या आत शोधत राहिलो: सेवा चालू, आयपी बरोबर, गेटवे बरोबर. कोड्यात टाकणारी गोष्ट ही की एआरपीच्या नोंदवहीत शेजारच्या व्हीएमचा मॅक ॲड्रेस नीट दिसत होता, पण पिंग एकही परत येत नव्हता.

खरं तर हीच खूण होती. एआरपी चालतो आणि आयपी चालत नाही याचा अर्थ वायर शाबूत आहे, आयपीची पॅकेटं मधे कुणीतरी गाळतंय. डॉकरच्या १.१३ या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०१७ पासून, डॉकर फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीचं (होस्टमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांसाठीची नियमांची यादी) मूळ धोरण ‘ड्रॉप’, म्हणजे टाकून देणं, करतो. एका ब्रिजवरच्या दोन व्हीएममधली रहदारी खरं तर आयपीटेबल्सपर्यंत (लिनक्सच्या फायरवॉलपर्यंत) जायलाच नको, कारण ब्रिज त्याच्या खालच्या पातळीवर काम करतो. पण ‘बीआर नेटफिल्टर’ हे मॉड्यूल लोड झालं की ब्रिजवरची आयपी पॅकेटंसुद्धा त्या साखळीतून जायला लागतात. धोरण ड्रॉप आणि व्हीएमसाठी परवानगीचा नियम नाही, मग पॅकेट संपलं. एआरपीला आयपीटेबल्स हात लावत नाही, म्हणून तो शाबूत.

उपाय दोन आहेत. पहिला मला जास्त पटतो: ‘डॉकर-यूजर’ साखळीत एक नियम घाला की तुमच्या व्हीएमच्या ब्रिजवरून येऊन त्याच ब्रिजवर जाणाऱ्या पॅकेटांना परवानगी आहे. ही साखळी डॉकरने वापरकर्त्यांच्या नियमांसाठीच ठेवलेली आहे. दुसरा उपाय म्हणजे ‘ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स’ हे सिसकंट्रोल (कर्नलचं सेटिंग) शून्य करणं. त्याने व्हीएम लगेच बोलू लागतात, पण एकाच डॉकर नेटवर्कमधल्या कंटेनरांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारे नियमही निकामी होतात, आणि कुबेरनेटिसला (अनेक सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) तर ही किंमत १ लागते. कोणताही उपाय केला तरी तो रीबूटनंतर टिकेल याची सोय करा आणि एकदा खरोखर रीबूट करून पाहा.

डॉकर कंटेनरमधून लिबव्हर्टच्या व्हीएमकडे गेलं की ‘रिफ्यूज्ड’ येतं. व्हीएममध्ये सेवा तर चालू आहे.

व्हीएम लिबव्हर्टच्या डिफॉल्ट नेटवर्कवर असेल, म्हणजे पत्ता १९२.१६८.१२२ ने सुरू होत असेल, तर लिबव्हर्टचे नियम बाहेरून येणारी नवी जोडणी नाकारतात. व्हीएमने स्वतः सुरू केलेल्या जोडणीचं उत्तर तेवढं आत येतं. त्या नेटवर्कची रचनाच तशी आहे: व्हीएमला बाहेर जाता यावं, बाहेरच्याला आत येता येऊ नये. आत यायची गरज असेल तर व्हीएमला सरळ ब्रिजवर आणा किंवा ‘राउटेड’ प्रकारचं नेटवर्क वापरा. लिबव्हर्टच्या नियमांत हाताने ओळी घुसवल्या तर नेटवर्क पुन्हा सुरू होताना घोटाळे होतात.

पॅकेट कुठे थांबलं ते प्रत्यक्ष कसं पाहायचं?

टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टूल) एकाच वेळी चार ठिकाणी लावा: पाठवणाऱ्या कंटेनरच्या ईटीएच० वर, त्याच्या होस्टकडच्या व्हीईथ टोकावर, ब्रिजवर, आणि घेणाऱ्याच्या ईटीएच० वर. ज्या दोन जागांच्या मधे पॅकेट नाहीसं होतं, तिथेच काय ते शोधायचं.

पुष्कळ इमेजमध्ये पिंगसुद्धा नसतो, म्हणून लोक कंटेनरमध्ये पॅकेज टाकत बसतात. त्याची गरज नाही. डॉकर इन्स्पेक्टमधून कंटेनरच्या मुख्य प्रोसेसचा क्रमांक घ्या, ‘एनएसएंटर’ला तो द्या आणि फक्त नेटवर्क नेमस्पेसमध्ये शिरा. मग टूल होस्टची आणि नेटवर्क कंटेनरचं. ‘आयपी नेटएनएस’ची यादी रिकामी दिसली म्हणून गोंधळू नका, ती कमांड एका ठरावीक फोल्डरमध्येच पाहते आणि डॉकर आपल्या नेमस्पेस तिथे नोंदवत नाही.

होस्टवर दहा व्हीईथ असतील तर आपली कोणती? कंटेनरमध्ये इंटरफेसची यादी काढली की ईटीएच० च्या नावापुढे ‘ॲट इफ’ आणि एक आकडा दिसतो, समजा २३. होस्टवर २३ क्रमांकाचा इंटरफेस तोच.

दोन सूचना. टीसीपीडम्प येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी पाहतो आणि जाणारं फायरवॉलच्या नंतर. म्हणून घेणाऱ्याच्या इंटरफेसवर पॅकेट दिसलं तरी ते सेवेपर्यंत पोचलंच असं नाही. दुसरं, ‘चेकसम इनकरेक्ट’ दिसलं तर बहुतेक वेळा तो बिघाड नसतो. चेकसम मोजण्याचं काम कार्डावर सोडलेलं असतं, आणि होस्टच्या आतल्या आत फिरणाऱ्या पॅकेटांना कार्ड लागतच नाही.

फायरवॉल थोडा वेळ बंद करून पाहू का?

कृपया नको. दूरच्या सर्व्हरवर आयपीटेबल्सचे सगळे नियम पुसले आणि इनपुट साखळीचं (खुद्द होस्टकडे येणाऱ्या पॅकेटांसाठीच्या नियमांचं) धोरण ‘ड्रॉप’ असलं, तर तुमचं एसएसएचही त्याच क्षणी जातं. नॅटचे (पत्ते बदलणारे) नियम पुसले तर डॉकरचे पब्लिश केलेले पोर्ट बंद पडू शकतात, डॉकर पुन्हा सुरू करेपर्यंत.

त्यापेक्षा मोजणी वाचा. आयपीटेबल्सची यादी सविस्तर पर्यायासह काढली की प्रत्येक नियमापुढे पॅकेटांचा आकडा येतो. यादी काढा, दुसरीकडून पाच पिंग पाठवा, पुन्हा यादी काढा. ज्या ओळीचा आकडा पाचाने वाढला, तिने तुमची पॅकेटं धरली. काहीही न मोडता मिळणारं हे उत्तर आहे. कोणताच आकडा हलला नाही तर दुसऱ्या टेबलात पाहा: डेबियन १० पासून आयपीटेबल्स मुळात एनएफटेबल्सवर (कर्नलमधली नवी फायरवॉल) चालतं, आणि जुनी ‘लेगसी’ आवृत्तीही सोबत वापरात असेल तर नियम दोन ठिकाणी पसरतात. एकीकडे परवानगी दिलेली असली तरी दुसरीकडचा ड्रॉप लागू होतोच.

यूएफडब्ल्यूने (उबंटूवरचं सोपं फायरवॉल टूल) पोर्ट बंद केला आहे, तरी कंटेनरचा पोर्ट इंटरनेटवरून उघडा दिसतो.

डॉकरचे पब्लिश केलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात. त्यांचा पत्ता आधीच बदलला जातो, त्यामुळे ती रहदारी इनपुट साखळीत येतच नाही. हा नुसता कनेक्टिव्हिटीचा प्रश्न राहत नाही, यात लोकांचा डेटा उघडा पडतो. डेटाबेसचा पोर्ट पब्लिश करू नका. होस्टवरून लागत असेल तर पब्लिश करताना १२७.०.०.१ हा पत्ता पुढे लिहा. हे वाचता वाचता आपला सर्व्हर तपासून घ्या.

मॅकव्हीलॅनवरचे (स्वतःच्या मॅक ॲड्रेससह थेट ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेले) कंटेनर सगळ्या ऑफिसला दिसतात, फक्त होस्टला दिसत नाहीत.

ही त्या रचनेची मर्यादा आहे, तुमची चूक नाही. होस्टच्या मूळ इंटरफेसवरून निघालेलं पॅकेट थेट बाहेरच्या वायरवर जातं, आणि स्विच ते आलेल्या पोर्टवरच परत पाठवत नाही. होस्टवर त्याच कार्डावर आणखी एक मॅकव्हीलॅन इंटरफेस तयार करा, त्याला पत्ता द्या आणि कंटेनरांकडे जाणारा रस्ता त्यावरून टाका. वाय-फाय कार्डावर मॅकव्हीलॅनच्या वाटेला जाऊ नका.

पिंग चालतो, एसएसएच लॉगिनही होतं, पण मोठी फाइल किंवा एचटीटीपीएस अडकतं.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. लहान पॅकेटं जातात, मोठी अडतात. एकाच ब्रिजवरच्या कंटेनरांत हे क्वचित होतं, पण मधे टनेल असेल किंवा सर्व्हर स्वतःच क्लाउडमधली व्हीएम असेल तर हमखास. व्हीएक्सलॅन हे टनेल ५० बाइट खातं, म्हणजे १५०० चे १४५० उरतात. वायरगार्ड हे व्हीपीएन सहसा १४२० वर चालतं. डॉकरचा ब्रिज मात्र सांगितल्याशिवाय १५०० धरून बसतो. तपासायला तुकडे करू नको असं सांगून १४७२ बाइटचा पिंग पाठवा. त्यात हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात. तो गेला नाही आणि १४२२ गेला, तर ५० बाइट कुठे गेले ते कळलं. ब्रिजचा आणि कंटेनरचा एमटीयू खाली आणा.

व्हीएम क्लोन केली. आता दोन्ही आळीपाळीने चालतात.

दोघींचा मॅक ॲड्रेस एकच असेल, किंवा मॅक वेगळे असूनही ‘मशीन-आयडी’ एकच असेल. उबंटूच्या क्लोनमध्ये त्या आयडीवरून डीएचसीपीची (आयपी वाटणारी सेवा) ओळख बनते आणि दोन्ही मशीनना एकच आयपी मिळतो. क्लोनमध्ये मशीन-आयडी नव्याने तयार करा.

ऑफिसचं व्हीपीएन लावलं की काही कंटेनरांकडून उत्तर येत नाही.

रेंजची टक्कर. डॉकर १७२.१७ पासून पुढे एकेक नेटवर्क वाटत जातो, आणि ऑफिसही त्याच खासगी पत्त्यांपैकी काही वापरत असतं. पॅकेट कंटेनरपर्यंत येतं, उत्तर मात्र व्हीपीएनऐवजी स्थानिक ब्रिजकडे वळतं. डॉकरच्या डीमन कॉन्फिगमध्ये पत्त्यांचा साठा ठरवून देता येतो. ऑफिसमध्ये न वापरलेली रेंज तिथे लिहा. आधीची नेटवर्क मात्र पुसून नव्याने करावी लागतात.

कंटेनरमधून होस्टवरच्या सेवेकडे कसं जायचं?

कंटेनरला ‘होस्ट-गेटवे’ या खास किमतीसह एक होस्टनाव जोडून द्या, लिनक्सवर हे डॉकर २०.१० पासून चालतं. होस्टवरची सेवा डॉकर० ब्रिजच्या पत्त्यावर ऐकत असली पाहिजे आणि कंटेनर ज्या ब्रिजवर आहे त्याला होस्टच्या इनपुट साखळीत परवानगी हवी. दुसरी अट बहुतेक जण विसरतात.

सगळं करून पाहिलं. मदत मागताना काय काय लिहू?

एरर मेसेज जसाच्या तसा, आणि तो किती सेकंदांनी आला ते. दोन्ही टोकांचे पत्ते आणि राउटिंग टेबल. होस्टवर कोणता इंटरफेस कोणत्या ब्रिजला लावला आहे त्याची यादी. आयपीटेबल्सच्या यादीतले आकडे, पिंगच्या आधीचे आणि नंतरचे. टीसीपीडम्पच्या चार जागांपैकी पॅकेट शेवटचं कुठे दिसलं. आणि काल-परवा या सर्व्हरवर नवीन काय इन्स्टॉल झालं, जरी त्याचा याच्याशी संबंध नाही असं तुम्हाला वाटत असलं तरी. सार्वजनिक आयपी आणि पासवर्ड पाठवण्याआधी झाका, पण खासगी रेंजचे पत्ते बदलू नका. बिघाड बऱ्याचदा त्याच आकड्यांत असतो.